शिंतोडे

डाग दिसला की आमच्या ह्यांच्या डोक्यात जाळ होतो. लग्नात अंतरपाट दूर झाला, तर हा माणूस माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून माझ्या पदरावर पडलेल्या कुंकवाच्या ठिपक्याकडे बघत होता. मला वाटलं, लाजतोय बिचारा. कसलं लाजणं! भटजी बाजूला झाल्याबरोबर नवऱ्याचा पहिला शब्द काय, तर, "तो धुवून टाक, नायतर तसोच ऱ्हवतलो." आपलं पुढे काय व्हायचंय ते मी तेव्हाच ओळखलं.

नाव काशीराम धाकू पेडणेकर. गाव मालवणजवळ, बिऱ्हाड कांजूरमार्गच्या चाळीत, नोकरी विक्रोळीच्या एका कंपनीत. ड्राफ्ट्समन. म्हणजे इंजिनिअर लोक पेन्सिलीने जे काय गिरबटून देतात, ते ट्रेसिंगच्या अर्धवट आरपार दिसणाऱ्या कागदावर काळ्या शाईने नीट उतरवायचं. शाई उडाली तर दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा घेऊन तेवढीच जागा हलकेच खरवडायची आणि वरून नखाने घोटायची, की कागद परत गुळगुळीत. ह्यांनी खरवडलेलं कुणाला शोधून सापडणार नाही. सगळं झालं की खाली उजव्या कोपऱ्यात एक चौकट, त्यात काढणाऱ्याचं नाव. हे तिथे 'का. धा. पे.' लिहितात, मुंगीएवढं. माझे दोन्ही दीर गिरण्यांच्या संपात घरी बसले ते बसलेच. भावांमध्ये नोकरी टिकली ती एकट्या ह्यांची, म्हणून त्या तीन अक्षरांचा ह्यांना गर्व फार.

दुसरा गर्व कुळथाच्या पिठीचा. रविवारी पिठी करणार हेच, मी चुलीपाशी जायचं नाही. पीठ आधी गार पाण्यात कालवायचं, मग आधणात सोडायचं, म्हणजे एकजीव होते. मी एकदा घाईघाईत कोरडं पीठच उकळत्या पाण्यात टाकलं आणि ह्या एवढ्या गुठळ्या झाल्या. त्यावरून माझ्या माहेरचा उद्धार झाला तो अजून चालू आहे. आणि पुढे जी काय आमची वाट लागली, ती ह्या पिठीपायीच लागली.

शेजारी सोनूबाई आणि शिवदासभाऊ राहायचे. भाऊ म्युनिसिपालटीत, साताऱ्याकडचे, बौद्ध. त्यांची राधा आमच्याच ओट्यावर रांगली, आमच्याच ओट्यावर पाढे म्हणाली. शिकत गेली ती थांबलीच नाही. बीएस्सी झाली, एमेस्सी झाली आणि शहरात एका मोठ्या विज्ञान संस्थेत संशोधनाला लागली. मी पंचाऐंशीच्या सुमाराचं सांगतेय. चाळीत तोवर कुणाची पोरगी एवढी शिकली नव्हती. मी तर ज्याला त्याला सांगायची, आमची राधा आकाशाचं गणित करते म्हणून.

एका रविवारी ती दोन्ही कडांना भोकं असलेला कॉम्प्युटरचा लांबलचक कागद घेऊन आली.

"काका, मला दोन चित्रं शाईने काढून हवीत. संस्थेत मोठी सभा आहे, देशभरातले लोक येणार आहेत, आणि मला पहिल्यांदाच बोलायचंय. तिथल्या ड्राफ्ट्समनकडे ही रांग लागलीय."

"ठेव तिथे," हे पिठी ढवळत म्हणाले. "कसली चित्रं?"

मग तिने मला समजावून सांगितलं. ह्यांचं लक्ष पिठीकडे ना! म्हणाली, "काकी, विश्व नुकतं जन्मलं तेव्हापासूनचे काही कण आहेत. दिसत नाहीत, उजेड देत नाहीत, भिंतीतूनसुद्धा आरपार जातात. पण त्यांना वजन आहे, त्या वजनाने ते बाकीचं सगळं ओढून गोळा करतात. तारे, दीर्घिका, सगळं त्यांच्या ओढीने जमलंय. आता ते कण कसले, हे कुणालाच माहीत नाही. हलके असतील तर सुरुवातीला भन्नाट पळत असणार. त्यांना आम्ही गरम म्हणतो. जड असतील तर संथ, ते थंड."

"मग काय फरक पडतो गो?"

"अंगणात ठिपक्यांची बारीक रांगोळी घातली आणि त्यावरून पोरं पळत सुटली, तर काय उरेल? ठिपके पुसले जाणार, नुसते मोठे पट्टे उरणार. गरम कण तसे. एवढा लहान पुंजका जमायला गेला की हे पळून जातात आणि तो विस्कटतो. थंड कण जागच्या जागी राहतात, म्हणून आधी बारीक बारीक पुंजके होतात आणि मग ते जुळून मोठे होतात. बरेच मोठे मोठे लोक गरमवाले आहेत. मी थंडवाली."

रांगोळीचं मला बरोबर कळलं. पण हे होते चुलीपाशी. त्यांच्या कानावर पडलं ते गरम, थंड आणि पुंजके, एवढंच. पळी हातात धरून एकदम खूश होऊन म्हणाले, "म्हणजे आपल्या पिठीसारखाच की गो!"

राधाला जायची घाई. हसली आणि म्हणाली, "हो काका, तसंच समजा. आणि आमच्या प्रिंटरची शाईची फीत जुनी आहे, काही डाग उठले असतील तर तेवढे साफ करा."

झालं! ह्यांच्यासमोर डाग हा शब्द काढायचा म्हणजे काय, ते त्या पोरीला ठाऊक असायला हवं होतं.

कंपनीतून आले की चहा घेऊन हे ड्रॉइंगच्या फळीवर वाकायचे. ठिपका ठिपका उतरवत होते. मी म्हणायची, डोळे जातील. गरम कणांचं चित्र झालं, मोठे झोकदार पट्टे आणि मधे मोकळी जागा. मग थंडाचं झालं. पट्टे तसेच, पण सगळीकडे बारीक बारीक ठिपक्यांचे झुबके. हे दोन्ही चित्रांपुढे उभे राहिले, मान तिरकी केली आणि कपाळावर हात मारला.

"आवशीचो घोव! थंडात गुठळ्यो कशो येतीत? ही सगळी फितीची घाण. आणि मी येडो ती उतरवत बसलंय!"

त्यानंतर कितीतरी संध्याकाळी पातं घेऊन ते शिंतोडे खरवडत होते. एकेक खरवडायचा, एकेक नखाने घोटायचा. शेवटी मला हाक मारून दाखवलं, "बघ, आता कसा एकजीव दिसता." मलाही ते साफसूफ बरं वाटलं. कोपऱ्यात 'का. धा. पे.' घातलं आणि कागद गुंडाळून सकाळीच राधाच्या हातात दिला. ती तशीच घाटकोपरला फोटो स्टुडिओत गेली, पडद्यावर दाखवायच्या काचा करून घ्यायला.

सभा झाली, पण राधा आमच्याकडे आली नाही. एरवी संस्थेत कँटीनचा वडा गार मिळाला तरी सांगायला येणारी पोरगी. रविवारी नळावर सोनूबाई हळूच म्हणाली, "वहिनी, राधी धड जेवत न्हाई. चित्रात कायतरी घोळ झाला म्हणती. लोक हसलं म्हणं तिला."

मी घरी येऊन सांगितलं. ह्यांची पिठी नुकतीच झालेली. नेहमीसारखी राधासाठी वाटी भरली आणि हे तडक त्यांच्या दारात, मी मागे. राधा खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले.

"काय गो, काय झाला?"

"काका, थंडाच्या चित्रातले बारीक ठिपके कुठे गेले?"

"शिंतोडे? ते साफ केले ना! तूच म्हणाली होतीस." आणि हसले हो! वाटी पुढे करून, शाबासकी मिळणार अशा तोंडाने हसले.

"ते शिंतोडे नव्हते, काका," राधा म्हणाली. "माझं सगळं काम तेच होतं."

मग तिने सांगितलं. काचा आयत्या वेळी हातात आल्या, एवढ्याशा, त्यात काय दिसणार? पडद्यावर मोठी चित्रं पडली तेव्हा तिला कळलं. ती बोलतेय की थंड कणांमुळे बारीक पुंजके होतात, आणि पडद्यावर दोन्ही चित्रं सारखी, जुळ्या भावांसारखी. एक म्हातारे शास्त्रज्ञ उठून म्हणाले, कुठे आहेत पुंजके? हिने पिशवीतून प्रिंट काढून दाखवला. तर दुसरा कुणी म्हणाला, वा, ठिपके कागदावर आहेत, पडद्यावर नाहीत, बाईंच्या सोयीने येतात-जातात वाटतं. सगळं सभागृह हसलं. आता तिच्या सरांनी सांगितलं होतं की ह्याचा खुलासा झाल्याशिवाय तिचा शोधनिबंध कुठेही छापायला जाणार नाही. आणि लबाड म्हणून एकदा नाव झालं की संशोधनात संपलंच.

"मग सांगायचं ना, शेजारच्या काकांनी पुसले म्हणून!" मी म्हटलं.

राधाने मान खाली घातली. मला वाटलं, काकांना सांभाळून घेतेय. गुणाची पोर!

ह्यांनी पिठीची वाटी तशीच उचलून घरी आणली आणि मोरीत ओतली. अन्न टाकणारा माणूस नाही हा.

त्या दिवसापासून घरात सुतक आल्यासारखं झालं. सोनूबाईच्या दारावरून जायला नको म्हणून हे मागच्या गटारावरून उडी मारून कामाला जायचे. शिवदासभाऊ समोर दिसले की चप्पल शोधायच्या निमित्ताने वाकायचे. कंपनीत पातं हातात धरवत नाही म्हणाले. एकदा जेवता जेवता घास तसाच धरून बसले.

"जेवा ना. अन्नावर राग कित्याक?"

"माका माझीच लाज वाटता गो," म्हणाले. "त्या पोरीन विश्वासान दिला आणि मी तिचा तोंड काळा केलंय. घाण पुसूक गेलंय आणि सगळी घाण तिच्याच अंगावर उडयलंय."

लाज मलाही वाटत होती. 'आमची राधा, आमची राधा' करून चाळभर मिरवलं होतं मीच. पण मला लाज वाटली की माझा आवाज चढतो. म्हटलं, "नुसतं लाजून काय होणार? जा आणि तिच्या सरांना सांगा, मी पुसले म्हणून."

"माका इंग्लिश खंय येता?"

"शरम मराठीत येते ना? तेवढी पुरे. आणि मी येते बरोबर, नाहीतर तुम्ही फाटकाला हात लावून परत याल."

ह्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. बसमधे सगळा वेळ खिशातली पात्याची पुडी चाचपत होते. कशाला घेतलीत म्हटलं, तर म्हणे, पुरावो.

सरांच्या खोलीत राधा होतीच. आम्हाला बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आमच्या कपड्यांची लाज वाटली की काय. सर चांगले होते. पुण्याकडचे, शुद्ध बोलणारे. खुर्च्या दिल्या, पण हे बसले नाहीत.

"साहेब, ते ठिपके हिने नाही पुसले. मी खरवडले. मला वाटलं, शाई उडालीय."

"आपण खरवडलेत? ते कशावरून?"

"तो कागद द्या जरा."

सरांच्या टेबलावरच गुंडाळी होती. ह्यांनी ती सोडली आणि कागद खिडकीच्या काचेवर धरला. बाहेर टळटळीत ऊन. टेबलावर जे कधी दिसलं नसतं ते उजेडावर दिसलं. कागदभर बारीक बारीक पुसट खुणा, जिथे जिथे ह्यांनी खरवडून घोटलं होतं तिथे. सर उठून जवळ आले. राधाचा प्रिंट शेजारी धरून एकेक खूण पडताळायला लागले आणि म्हणाले, "आहेत की. सगळे पुंजके जागच्या जागी आहेत!"

मला हायसं वाटलं. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर ह्यांचं लक्ष सरांकडे नव्हतंच. नजर कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर, आणि चेहरा असा, जणू कुणी थोबाडीत मारलीय. मग ह्यांचा अंगठा हळूच सरकत त्या कोपऱ्यावर गेला आणि तिथेच बसला.

"एक समजलं नाही," सर म्हणाले. "सभेत मी राधाला सगळ्यांसमोर विचारलं होतं, चित्र कुणी काढलं? ती म्हणाली, मीच काढलं."

राधा ह्यांच्या अंगठ्याकडे बघत होती.

"होय साहेब," हे म्हणाले. "चित्र तिनेच काढलं. शाई सांडली म्हणून पुसायला माझ्याकडे दिलं. मी नको तेवढं पुसलं."

माझं तोंड उघडं पडलं. त्या फळीवर वाकून वाकून ह्यांची मान धरली होती, तिला तेल चोळलंय मी! पण ह्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी तोंड मिटलं. सर म्हणाले, ठीक आहे, चित्र नव्याने करा, मग निबंध पाठवू. कागद ह्यांनी मागून घेतला, स्वतःच्या हाताने गुंडाळला.

परतीच्या बसमधे मी ती गुंडाळी ह्यांच्या मांडीवरून ओढून घेतली. नको नको म्हणत होते. कोपरा खिडकीकडे धरला. 'का. धा. पे.' कुठे होतं? तिथे नुसता ओरबाडलेला कागद, केसाळ, एका जागी भोक पडायला आलेलं. ह्यांच्या हातचं ते नव्हतं. हे घोटल्याशिवाय सोडत नाहीत.

"हे तिने केलं?"

"गप रव."

"तुमचं नाव खरवडलं त्या पोरीने? आणि तुम्ही वर तिला झाकता?"

"आपलेच दात आणि आपलेच ओठ," हे म्हणाले आणि घाटकोपर गेलं तरी खिडकीबाहेरच बघत राहिले. मी बघितलं, डोळे भरले होते.

मी ठरवलं होतं, त्या पोरीशी जन्मात बोलायचं नाही. पण रविवारी ती स्वतःच आली. हातात नवा प्रिंट, नवा ट्रेसिंग कागद. दारातच उभी राहिली, आत यायचा धीर होईना. हे म्हणाले, "माझ्या हातून नको गो आता. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

मला काही राहवलं नाही. "आधी हे सांग, काकांचं नाव का खरवडलंस?"

"सुगंधा!" हे ओरडले.

"विचारू द्या काका," राधा म्हणाली. "तिथे सगळे आधी हेच विचारतात, तू कुठून आलीस, तुला कुणी मदत केली. कोपऱ्यात नाव दिसलं असतं तर म्हणाले असते, हे कोण? मग सांगावं लागलं असतं, चाळीतले काका, खिळे-नटबोल्टची चित्रं काढतात. मला लाज वाटली. स्टुडिओच्या काउंटरवर ब्लेड मागून घेतलं आणि घाईघाईत खरवडलं. सगळा कागद मी उलगडलाच नाही हो. कोपरा तेवढा बघितला. उलगडला असता तर ठिपके गेलेले तिथेच दिसले असते." मग अगदी हळू म्हणाली, "त्या वेळी मला ते नाव घाणच वाटलं, काका."

मला वाटलं होतं हे तिला हाकलून देतील. मी दिलं असतं. पण हे उठले, तिच्या हातातला कागद घेतला, फळीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली.

"ठिपको म्हणजे शिंतोडो वाटताच गो कधी कधी," म्हणाले. "माका नाय वाटलो?"

ह्या खेपेला राधा रोज शेजारी बसायची. एकेक झुबका ती बोटाने दाखवणार, मगच हे शाई टेकवणार. चूक झाली तरी पात्याला हात नाही, आधी विचारायचं. चित्र पुरं झालं, कागदभर बारीक ठिपक्यांचे झुबके. ह्यांनी पेन पुसून ठेवलं. कोपऱ्यातली चौकट रिकामीच ठेवली.

"काका, नाव राहिलं."

"नको. तू सांगितलंस ना, तूच काढलं म्हणून. मीही तेच सांगून बसलोय. साहेब बघतील, आपण दोघं खोटी ठरू."

"ठरू दे. उद्या मी स्वतः सांगणार आहे त्यांना."

"आणि परत हसले तर?"

"हसू देत," राधा म्हणाली, आणि ह्यांचं पेन उचलून स्वतःच चौकटीत लिहायला बसली. तिला त्या पेनची सवय कुठली? का लिहिलं, धा लिहिलं, आणि पे ला हात हलला. शाईचा हा एवढा थेंब पडून पसरला, त्यात पे ची मात्राच बुडाली.

तिने घाबरून ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांचा हात सवयीने पात्यावर गेला होता. माझ्या पदरावरचा ठिपका ज्याला लग्नमांडवात खपला नाही, तो माणूस. पातं उचललं, थेंबाजवळ नेलं, आणि परत पुडीत घालून पुडी मिटली.

"असू दे," म्हणाले. "सुकू दे."